ग्रंथालयातील शोध आणि शोधशब्द : विद्यार्थ्यांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी



ग्रंथालयाच्या संगणकावर आपला विषय टाइप करावा आणि पडद्यावर 'शून्य नोंदी आढळल्या' असे उत्तर यावे, हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतलेला असेल. अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी उठून घरी जातात. काही जण ग्रंथपालांकडे जातात. ते कामात असले तर तेही त्याच संगणकाकडे बोट दाखवतात. मग पुढे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य हमखास येते : "प्रस्तुत विषयावर आजवर फारसे संशोधन झालेले नाही." आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींचे आराखडे आम्ही अनेक वर्षे वाचत आलो आहोत. हे वाक्य आम्हाला पुष्कळदा भेटले आणि तपासून पाहिले तेव्हा पुष्कळदा ते खोटे निघाले. लिहिणारा मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याने यंत्राला विचारताना शब्द चुकीचा वापरला होता, एवढेच.

ही चूक कोणत्याही विषयात नुकसान करते. परंतु ज्या समाजाविषयी शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिले आणि ज्याला नावेही दुसऱ्यांनीच ठेवली, त्याचा इतिहास शोधताना ती फार महाग पडते. कारण तिथे एकाच माणसांना दर वीस-पंचवीस वर्षांनी नवे नाव मिळालेले असते आणि प्रत्येक नावाखाली कागदांचा वेगळा गठ्ठा बांधून ठेवलेला असतो. एक गठ्ठा सोडला व पुढचा पाहिलाच नाही, की "साहित्य उपलब्ध नाही" म्हणून आपणच आपल्या हाताने लिहून देतो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत इतर उपदेश न करता शोधशब्दांचा, म्हणजे ज्यांना सर्व जण कीवर्ड म्हणतात त्यांचा, एक धडा द्यावा असे आम्ही ठरवले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा आराखडा परत आला. शेरा होता : पूर्वसंशोधनाचा आढावा अपुरा, एका महिन्यात पुन्हा सादर करावा. तिचा विषय होता 'महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा सामाजिक व ऐतिहासिक अभ्यास'. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. महिना गेला तर नोंदणी आणखी एका सत्राने पुढे जाणार आणि घरचे लोक तेवढे थांबतील की नाही याची तिला खात्री नव्हती. आम्ही विचारले, "शोध कसा घेतलास?" तिने मोबाइल पुढे केला. शोधाच्या चौकटीत तिने आपल्या विषयाचे संपूर्ण शीर्षक टाइप केले होते. उत्तर शून्य.

हे शून्य का आले ते आधी समजून घेऊ. ग्रंथालयाच्या संगणकसूचीला, जिला ओपॅक म्हणतात, मराठी समजत नाही आणि इंग्रजीही समजत नाही. ती फक्त अक्षरे जुळवून पाहते. बहुतेक सूचींमध्ये तुम्ही आठ शब्द दिले, तर आठही शब्द ज्या एका नोंदीत असतील तीच नोंद पुढे येते. 'सामाजिक', 'ऐतिहासिक', 'अभ्यास', 'येथील' हे शब्द आपल्या आराखड्यात शोभतात. शोधात ते केवळ वाट अडवतात. चवदार तळ्यावरचे एखादे पुस्तक कपाटात असले, तरी त्याच्या नोंदीत 'येथील' हा शब्द कशाला असेल?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सूचीत पुस्तक नसते. पुस्तकाची नोंद असते. लाकडी खणांतल्या कार्डांचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे लगेच कळेल. तालिका करणारा माणूस पुस्तकाचे शीर्षकपान पाही, लेखकाचे नाव, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष लिही, वर्गांक देई आणि विषय म्हणून एक-दोन शब्द टाकी. 'सोल' किंवा 'कोहा' यांसारख्या प्रणालींमध्ये आजही नोंद अशीच बनते. आपण शोध घेतो तो त्या माणसाच्या शब्दांचा. पुस्तकाच्या आत तळ्यावर साठ पाने असली, परंतु शीर्षकात व विषयात तळे नसले, तर साध्या सूचीला ती साठ पाने दिसत नाहीत. तेव्हा "माझ्या मनात कोणता शब्द आहे?" हा प्रश्न बाजूला ठेवावा. "ही नोंद करणाऱ्याने त्या काळी कोणता शब्द लिहिला असेल?" असे विचारावे.

त्या दिवशी आम्ही मुलीला मोबाइल खाली ठेवायला सांगितले आणि एक वही दिली. कोण, काय, कोठे, केव्हा असे चार रकाने आखून घेतले. विषय चार तुकड्यांत फोडायचा आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याच अर्थाचे जेवढे शब्द सुचतील तेवढे लिहायचे. संगणकाला हात लावण्यापूर्वीचा हा अर्धा तास ज्याने दिला, त्याचे पुढचे चार दिवस वाचतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. पण वाचकानेही थोडे साहाय्य केले पाहिजे, असे आम्हाला अनुभवाने वाटू लागले आहे.

'कोण' हा रकाना सर्वात लांब झाला. मुलीने पहिल्यांदा लिहिले, 'दलित'. बरोबरच आहे, १९७२ साली दलित पँथर स्थापन झाल्यापासून हा शब्द घरोघर गेला आणि पुढच्या काळातील बहुतेक इंग्रजी पुस्तकांतही तोच आहे. परंतु १९२७ सालचा कागद कोणत्या शब्दात बोलतो? सरकारी दप्तरात तेव्हा 'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द चालत होता. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा स्थापन केली तिच्या नावात 'बहिष्कृत' होते आणि १९२७ साली पाक्षिक काढले त्याच्याही नावात 'बहिष्कृत' होते. महर्षी शिंदे यांनी १९०६ साली स्थापन केलेल्या मिशनचे इंग्रजी नाव 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन', पण मराठी नाव मात्र 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. आज 'निराश्रित' म्हटले की आपल्याला अनाथाश्रम आठवतो! जोतिरावांच्या लेखनात 'अतिशूद्र' आहे. १९३१ च्या जनगणनेचे प्रमुख हटन यांनी 'एक्स्टीरियर कास्ट्स', म्हणजे बाह्य जाती, असा शब्द वापरला. १९३२-३३ पासून 'हरिजन' आले. १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले, त्याचेच मराठी 'अनुसूचित जाती'. १९४२ साली स्थापन झालेला पक्ष इंग्रजीत 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' आहे आणि मराठीत तोच 'दलित फेडरेशन' या नावानेही येतो. १९५६ नंतरच्या काळासाठी 'बौद्ध' आणि सरकारी कागदांत 'नवबौद्ध'. या सगळ्यांबरोबर जातीचे नाव, म्हणजे 'महार', आणि सर्वत्र पसरलेला 'अस्पृश्य', इंग्रजीत 'अनटचेबल'.

यादी इथवर आली आणि मुलीने पेन खाली ठेवले. म्हणाली, "सर, यातले काही शब्द मी टाइप करणार नाही. ज्या शब्दांतून आजी-आजोबा सुटले, ते मी माझ्या हाताने परत कशाला लिहायचे?"

आमच्यापैकी कोणालाही लगेच उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खरे होते. शब्दांनी माणसाला जखम होते आणि ती यंत्रासमोर बसल्यानेही होते. थोड्या वेळाने आम्ही जे बोललो ते असे : हे बघ, कुलूप ज्याने लावले त्याच्याच किल्लीने ते उघडते. 'हरिजन' शब्दाखाली बांधून ठेवलेला कागद 'दलित' म्हटल्याने बाहेर येत नाही. शोधाच्या चौकटीत लिहिलेला शब्द तुझे मत नाही, ती मागणीची चिठ्ठी आहे. प्रबंध लिहिशील तेव्हा तुझ्या वाक्यात तुझा शब्द राहील. जुना शब्द फक्त जुन्या ग्रंथाच्या नावात आणि अवतरणात जसाच्या तसा येईल. आणि कोणत्या वर्षी कोणी कोणता शब्द वापरला, ही नोंदही तुझ्या अभ्यासाचाच एक भाग होईल. तिने काही न बोलता पेन उचलले. मात्र 'हरिजन' तिने यादीत सर्वात शेवटी लिहिला, तोही लहान अक्षरात.

आता हे शब्द प्रत्यक्ष पुस्तकांवर लावून पाहा. अलेक्झांडर रॉबर्टसन यांचे १९३८ चे पुस्तक 'द महार फोक'. धनंजय कीर यांचे १९५४ चे इंग्रजी चरित्र केवळ बाबासाहेबांच्या नावावर आहे. एलेनॉर झेलियट यांचा १९६९ चा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रबंध 'डॉ. आंबेडकर अँड द महार मूव्हमेंट'. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली चळवळीच्या मूळ साधनांचा जो खंड काढला, त्याच्या शीर्षकात 'मूव्हमेंट ऑफ अनटचेबल्स' असे शब्द आहेत. जयश्री गोखले यांच्या १९९३ च्या पुस्तकाचे नाव 'फ्रॉम कन्सेशन्स टू कॉन्फ्रंटेशन'. उपशीर्षकात 'अनटचेबल' आहे, परंतु 'महार' नाही आणि 'दलित'ही नाही. गेल ऑम्व्हेट यांच्या १९९४ च्या पुस्तकात 'दलित्स' आहे. आनंद तेलतुंबडे यांच्या २०१६ च्या पुस्तकात मात्र 'महाड' आणि 'दलित' दोन्ही आहेत. चवदार तळ्याच्या अभ्यासकाला ही सातही नावे ठाऊक हवीत. केवळ 'दलित' या शब्दाने शीर्षके शोधणाऱ्याला यांतली दोनच मिळाली असती आणि त्याने समाधानाने संगणक बंद केला असता. महाडच्या परिषदेच्या संघटकांपैकी एक, कॉ. आर. बी. मोरे, यांच्या आठवणी २०२० साली इंग्रजीत आल्या. त्या पुस्तकाच्या नावात 'दलित कम्युनिस्ट' आहे, महाड नाही. अशा ठिकाणी माणसाचे नाव हाच शोधशब्द.

'कोठे' या रकान्यात मुलीने 'महाड, जिल्हा रायगड' लिहिले होते. १९२७ साली रायगड जिल्हा नव्हता. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते आणि ते १९८१ साली बदलले. मार्च १९२७ ची ती परिषद 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद' होती. जुने इंग्रजी गॅझेटियर पाहायचे तर तेही 'कुलाबा व जंजिरा' या नावाने १८८३ साली निघालेल्या अकराव्या खंडात आहे. गंमत अशी की मराठीत 'कुलाबा' टाइप केले की मुंबईचा कुलाबाही पुढे येतो. इंग्रजीत मुंबईच्या कुलाब्याला आरंभी 'सी' लावतात आणि जिल्ह्याला बहुधा 'के'. म्हणून दोन्ही करून पाहावे. इतर गावांनाही हाच नियम. १९९५ पूर्वीच्या इंग्रजी नोंदीत मुंबई म्हणजे 'बॉम्बे', आणि जुन्या नोंदींत पुणे म्हणजे 'पूना', ठाणे म्हणजे 'ठाणा'. आणि उद्याचा विद्यार्थी औरंगाबाद व अहमदनगरची आजवरची पुस्तके नव्या नावांनी शोधून निराश होणार, हे आताच सांगून ठेवतो.

शब्द सापडला तरी त्याचे लिहिणे एक नसते. पुष्कळ महाविद्यालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत भरल्या गेल्या आहेत आणि भरणाऱ्याने जसा कानाला लागला तसा शब्द लिहिला. 'मूकनायक' मधला ऊ कोणी दोन 'ओ' घालून लिहितो, कोणी एक 'यू' घालून. 'चवदार' मधला व कोणी 'व्ही'ने, कोणी 'डब्ल्यू'ने. अमेरिकेतील ग्रंथालयांची तऱ्हा आणखी निराळी. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीतील आपल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तके मोठ्या प्रमाणात नेली, त्यामुळे आपल्याकडे न सापडणारे मराठी पुस्तक कधी कधी शिकागोच्या सूचीत दिसते. परंतु तेथील लिप्यंतराच्या पद्धतीत प्रत्येक अक्षरातला अकार लिहून दाखवतात. त्यामुळे 'आंबेडकर' या आडनावात 'ड' च्या पुढे एक 'ए' आणि शेवटी आणखी एक 'ए' येतो. 'दलित' च्या शेवटीही 'ए' येतो. हे माहीत नसेल तर मराठी ग्रंथ तिथे असूनही नसल्यासारखेच.

देवनागरीतही सापळे आहेत. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकाच्या नावात 'तळें' असेल तर 'तळे' लिहून काही सूचींना ते कळत नाही. कोणी 'मुकनायक' असा ऱ्हस्व उकार भरून ठेवलेला असतो. शुद्ध लिहिणाऱ्याला तो सापडत नाही, म्हणून अशुद्धही लिहून पाहावे. शुद्धलेखनाच्या शिक्षकांनी आम्हाला क्षमा करावी.

आता शब्द जोडण्याची रीत. संगणकशोधात तीन छोटे इंग्रजी शब्द फार उपयोगी आहेत : अँड, ऑर आणि नॉट. एकोणिसाव्या शतकातील जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या तर्कपद्धतीवरून ही योजना आली. दोन शब्दांमध्ये 'अँड' घातले की दोन्ही शब्द असलेल्याच नोंदी येतात, म्हणजे यादी आखूड होते. 'ऑर' घातले की दोहोंपैकी कोणताही असलेली नोंद येते, म्हणजे यादी वाढते. 'नॉट' पुढचा शब्द असलेली नोंद वगळतो. पुष्कळ डेटाबेसमध्ये हे तीन शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात, नाहीतर यंत्र त्यांना साधे शब्द समजते.

वहीचे चार रकाने आता कामास येतात. एका रकान्यातील समानार्थी शब्दांमध्ये 'ऑर' घालायचे व सगळे एका कंसात बसवायचे. दुसऱ्या रकान्याचे शब्द दुसऱ्या कंसात. दोन कंसांच्या मध्ये 'अँड'. मुलीने पहिल्या कंसात अनटचेबल्स, दलित्स, डिप्रेस्ड क्लासेस, महार आणि आंबेडकर हे शब्द ठेवले, दुसऱ्या कंसात महाड आणि कुलाबा ठेवले. 'डिप्रेस्ड क्लासेस' हे दोन शब्द मिळून एक नाव असल्यामुळे त्याला दुहेरी अवतरणचिन्हे लावली. नाहीतर 'डिप्रेस्ड' शब्दामुळे नैराश्यावरची वैद्यकीय पुस्तके येऊन बसतात. दुसरा कंस का हवा, हेही तिने स्वतःच करून पाहिले. नुसते 'महाड' रोमन लिपीत टाकल्यावर जगाच्या सूचीतून अरबी शिक्षणसंस्थांची पुस्तके आली. अरबीत 'महद' अशा उच्चाराचा शब्द संस्थेसाठी वापरतात आणि रोमन लिपीत दोहोंत भेद राहत नाही.

'नॉट' जपून वापरावा. 'आंबेडकर नॉट चरित्र' असे लिहिलेत तर चरित्र व लेखन दोन्ही एकत्र असलेला ग्रंथही गेला. आम्ही तर नव्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने 'नॉट' वापरूच नको म्हणतो.

तारांकन हे आणखी एक साधन. शब्दाचा मुळाचा भाग लिहून पुढे तारा काढला की त्या मुळापासून होणारे सर्व शब्द येतात. इंग्रजी 'अनटचेबल' मधील 'बी' या अक्षरापर्यंत लिहून तारा दिला, तर अनटचेबल, अनटचेबल्स आणि अनटचेबिलिटी तिन्ही एकदम मिळतात. परंतु फार अलीकडे तोडू नये. 'कास्ट'ची पहिली चार अक्षरे लिहून तारा दिला तर जातींबरोबर किल्ले आणि लोखंडाचे ओतकामही हजर होते!

एक चांगले पुस्तक सापडले की त्याची नोंद संपूर्ण उघडून पाहावी. ही सवय आमच्या मते सर्वात मोलाची, आणि सर्वात कमी विद्यार्थ्यांना असते. नोंदीच्या तळाशी विषयशीर्षके दिलेली असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत पूर्वी 'अनटचेबल्स' होते, आता 'दलित्स' आहे. परंतु अनेक ग्रंथालयांच्या जुन्या नोंदी कोणी दुरुस्त केलेल्या नाहीत, त्यामुळे दोन्ही शीर्षके चालवून पाहावी लागतात. त्या शीर्षकावर बोट ठेवले की त्याच विषयाची इतर पुस्तके येतात, मग त्यांच्या नावात तो शब्द असो वा नसो. तसाच वर्गांक. ड्युईच्या दशांश पद्धतीत बौद्ध धर्माला २९४.३ आणि जातिव्यवस्थेला ३०५.५१२२ हा अंक आहे. वर्गांकाला भाषा नसते, म्हणून अंकाने शोधले की मराठी, हिंदी, इंग्रजी एका रांगेत येतात. आणि जमल्यास प्रत्यक्ष कपाटापाशी जाऊन शेजारची दहा पुस्तके चाळावीत.

काही क्षेत्रांत समानार्थी शब्द गोळा करण्याचे काम दुसऱ्याने आधीच करून ठेवलेले असते. आमच्याकडे परिचर्येचा अभ्यासक्रम करणारा एक मुलगा सिकलसेलवर लिहीत होता. हा आजार विदर्भात पुष्कळ कुटुंबांना माहीत आहे. वैद्यकीय लेखांसाठी 'पबमेड' हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा डेटाबेस सर्वांना मोफत खुला आहे. तिथे लेखांना एका ठराविक शब्दसंग्रहातून विषयशब्द दिले जातात. हा संग्रह १९६० पासून चालू आहे आणि त्याला 'मेश' म्हणतात. लेखकाने 'सिकल सेल डिसीज' लिहिलेले असो की 'ड्रेपॅनोसायटोसिस', विषयशब्द एकच असतो आणि तोही उलटा लिहिलेला : आधी 'ॲनिमिया', मग स्वल्पविराम, मग 'सिकल सेल'. तो एक शब्द घेतला की बाकीचे आपोआप येतात. तरी अगदी नव्या लेखांना हा शब्द अजून लागलेला नसतो, म्हणून साधे शब्दही जोडीला द्यावे. शिवाय ब्रिटिश इंग्रजीत 'ॲनिमिया'मध्ये एक 'ए' जास्त असतो, हे इतर डेटाबेसमध्ये विसरू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इतकी सोय नाही. त्याला आपला शब्दकोश आपणच करावा लागतो.

कायद्याचा डेटाबेस तर आणखी वेगळा. चवदार तळ्याचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला. तो शोधायला 'महाड सत्याग्रह' हा शब्द उपयोगाचा नाही, कारण निकालाचे नाव पक्षकारांवरून असते : नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. मुलीने दहा वेळा 'सत्याग्रह' टाइप केले होते. नाव सांगितल्यावर पाच मिनिटांत निकाल तिच्यापुढे होता.

भारतीय प्रबंधांसाठी 'शोधगंगा' पाहावी. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते आणि प्रबंध प्रकरणाप्रकरणाने उघडता येतात. पण तिथे कीवर्ड भरण्याचे काम निरनिराळ्या विद्यापीठांतील निरनिराळ्या हातांनी झालेले आहे. मराठी प्रबंधाचे नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये असते. आणि आतला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असला किंवा पानांची नुसती छायाचित्रे असली, तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारा शब्द शोधाला दिसत नाही. तिथे मार्गदर्शकाच्या नावाने, विभागाच्या नावाने शोध घ्यावा. एका मार्गदर्शकाचे विद्यार्थी बहुधा जवळजवळचे विषय घेतात.

हल्ली मुले मोबाइलवरच्या गप्पा मारणाऱ्या यंत्राला सरळ संदर्भांची यादी मागतात. समानार्थी शब्द सुचवायला त्याचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ते यंत्र अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक व वर्ष यांसह बिनदिक्कत देते. ग्रंथालयाच्या सूचीत ज्याची नोंद स्वतः पाहिली नाही, ते पुस्तक संदर्भयादीत घालू नये.

प्रत्येक शोध वहीत उतरवावा : तारीख, कोणता डेटाबेस, कोणते शब्द, किती नोंदी आल्या, किती उपयोगी. कंटाळवाणे काम आहे. पण मार्गदर्शकाने "आढावा कसा घेतला?" असे विचारले की ही वहीच पुढे करता येते, आणि तिसऱ्या आठवड्यात तेच शब्द पुन्हा टाइप करण्याची वेळ येत नाही.

त्या मुलीच्या वहीत तीन आठवड्यांत बावीस शोध झाले. त्यांपैकी सात शून्य होते आणि तिने ते शून्यही लिहून ठेवले होते. आराखडा मुदतीत गेला.

एक प्रश्न तेवढा उरला होता. १९२७ च्या वर्तमानपत्रांत महाडविषयी काय छापून आले, हे तिला हवे होते. जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे अंक जिथे आहेत, तिथे ते बहुधा बांधीव खंडांत किंवा सूक्ष्मपटावर आहेत. त्यांतल्या बातम्यांची शब्दसूची बहुधा नसते. अशा ठिकाणी तारीख हाच शोधशब्द असतो. आम्ही तिला दोन तारखा मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितल्या, २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७, आणि प्रत्येकीच्या पुढचे तीन आठवडे पानन्‌पान पाहायला सांगितले, कारण त्या वेळी महाडची बातमी पोचायला व तिच्यावर अग्रलेख यायला दिवस लागत. 'बहिष्कृत भारत'चे अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने पुन्हा छापले आहेत, तेव्हा आरंभ तिथून करावा, असे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडण्याच्या वेळी ती डबा घेऊन दारात उभी होती.